हेड कोचची चौकशी

आमच्या घरात अमेरिकेविषयी काहीही निघालं की सगळे माझ्याकडे बघतात. कारण एवढंच, की कंपनीने एकदा मला तीन आठवडे तिकडे पाठवलं होतं. त्या तीन आठवड्यांत मी एक हॉटेल, एक ऑफिस आणि त्या दोहोंच्या मधला एक पेट्रोल पंप पाहिला. पण तिकडची थंडी, तिकडचे इन्शुरन्स, तिकडे तुरीची डाळ मिळते का, या सगळ्यावर कोथरूडात शेवटचा शब्द माझा. मीही कधी कुणाला अडवलं नाही. हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये कंपनीच्या बसच्या काचेला डोकं टेकून आयुष्य काढणाऱ्या माणसाला कुठेतरी मान मिळायला हवाच.

त्यामुळे भाचीने जेव्हा जाहीर केलं, की मला एक मुलगा पसंत आहे आणि तो अमेरिकेत असतो, तेव्हा ताईचा पहिला फोन मला आला.

"तू संध्याकाळी ये. हे गप्प बसलेत."

हे म्हणजे भावोजी. पाटबंधारे खात्यातून डेप्युटी इंजिनिअर म्हणून निवृत्त. उभा जन्म धरणांवर आणि कालव्यांवर गेला. बोलतात तेव्हा कमी बोलतात, आणि गप्प बसतात तेव्हा वरच्या मजल्यापर्यंत ऐकू जातं.

मी गेलो तेव्हा चौकशी सुरू झालेली होती. मुलगा मूळचा नागपूरचा, पुण्यात भाचीच्याच इंजिनिअरिंग कॉलेजात दोन वर्षं पुढे. नंतर तिकडे जाऊन संख्याशास्त्र शिकला. इथवर ठीक होतं.

"नोकरी कुठे?" भावोजींनी विचारलं.

"फुटबॉलच्या टीममध्ये," भाची म्हणाली. "त्यांचा फुटबॉल. हेल्मेट घालून खेळतात तो."

"खेळतो?"

"नाही."

"पंच आहे?"

"नाही हो बाबा. हेड कोचच्या स्टाफवर आहे. पुढच्या रविवारी ज्यांच्याशी सामना असतो त्यांचे जुने सामने बघतो, आणि ते कुठल्या वेळी काय करतात ते सांगतो."

"जुने सामने बघतो."

"हो."

"टीव्हीवर."

"कॉम्प्युटरवर."

"आणि याचा पगार देतात."

भाचीने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "तिकडे असतं तसं." हे वाक्य मी अमेरिकेविषयी सर्वांत जास्त वापरलेलं आहे आणि ते अजून कधी चुकीचं ठरलेलं नाही.

मग मुलाशी फोनवर बोलणं झालं. भावोजींनी एकच विचारलं: नोकरी कायम आहे ना? मुलगा खरं बोलला. हा त्याचा पहिला गुण आणि पहिली चूक.

"काका, खरं सांगू का, हेड कोच आहेत तोवर आम्ही. त्यांना काढलं की नवा येणारा आपली माणसं आणतो. अख्खा स्टाफ जातो."

भावोजींनी फोन हळूच टेबलावर ठेवला, जणू त्याला तडा गेलेला आहे.

त्यांची व्याख्या साधी आहे. जिथून माणसाला काढता येत नाही ती नोकरी. काढता येतं ती मजुरी. मी स्वतः त्या हिशेबाने मजूरच. माझी कंपनी तीनदा विकली गेली. खुर्ची तीच, खिडकीतून दिसणारा टॉवर तोच, फाटकावरची पाटी तेवढी बदलली. दर वेळी भावोजी विचारायचे, "सध्या तू कोणाचा?"

भाचीने मात्र आपलं म्हणणं त्याच दिवशी स्पष्ट केलं. "तुमच्या होकाराशिवाय लग्न करणार नाही. पण दुसरं स्थळही बघायचं नाही. आता तुम्ही काय ते ठरवा."

आमच्याकडे ठरवणं म्हणजे चौकशी करणं. थोरल्या भाचीच्या लग्नाच्या वेळी भावोजी मुलाच्या सोसायटीचा वॉचमन, कोपऱ्यावरचा वाणी आणि खालच्या मजल्यावरचे एक निवृत्त हेडमास्तर यांना भेटून आले होते, आणि शेवटी ऑफिसात जाऊन त्याच्या साहेबालाही. साहेबाला भेटल्याशिवाय चौकशी पुरी होत नाही. इथे तर मुलाचं सगळं भवितव्यच साहेबावर. तेव्हा भावोजी म्हणाले, "मुलाची चौकशी कशाला करायची? साहेबाची करायची." आणि माझ्याकडे बोट दाखवलं. "तू कर. दिवसभर तिकडच्यांशीच बोलत असतोस."

योग असा, की आमचा क्लायंट मॅनेजर नेमका त्याच शहरातला. तोवर हा माणूस कॉलवर दोन वाक्यं बोलायचा: काम झालं का, आणि का नाही झालं. मी त्याला हेड कोचबद्दल विचारलं, तर तो अर्धा तास बोलला. लांबलेल्या डिलिव्हरीचा विषय काढायला विसरला. त्या दिवसापासून कॉलची सुरुवात मीच करावी असं आमच्या टीममध्ये ठरून गेलं. वीस वर्षांच्या माझ्या करिअरमधली ही एकमेव बढती, आणि ती मला न कळणाऱ्या खेळाने दिली.

पुढच्या शनिवारी मी भावोजींसमोर हेड कोचची कारकीर्द वाचून दाखवली.

"स्वतः फारसा खेळला नाही. गुडघा गेला. मग शाळेत गणित शिकवत मुलांना कोचिंग. मग एका कॉलेजात. मग व्यावसायिक टीममध्ये असिस्टंट. तिथल्या हेड कोचला काढलं, तेव्हा हाही गेला. मग दुसऱ्या शहरात असिस्टंट. तिथल्यालाही काढलं. मग तिसऱ्या शहरात..."

"थांब," भावोजी म्हणाले. "एवढ्या बदल्या झाल्या की अर्थ दोनच असतात. एक तर माणूस खातो, नाहीतर खाऊ देत नाही. हा कुठला?"

मला काय माहीत. "खाऊ न देणारा वाटतो," मी म्हटलं.

"पुढे."

"पुढे हेड कोच झाला. तीन वर्षांत काढलं. मग ही टीम. इथे बरीच वर्षं आहे. मधे एकदा चषक जिंकून दिला, सबंध देशात पहिला नंबर."

"चषक जिंकलाय?" भावोजी तेव्हा पहिल्यांदा खुर्चीत मागे टेकले. "मग आधी नाही का सांगायचं? अशाला कोण काढतंय. ठीक आहे, हा सीझन संपू दे. साहेब टिकला की होकार."

भाचीने कपाळाला हात लावला. तिच्या लग्नाचा निर्णय आता सात समुद्रांपलीकडच्या एका मैदानावर व्हायचा होता.

त्यांचा सीझन सप्टेंबरात सुरू होतो. मुलाने सामने बघण्यासाठी आपला पासवर्ड पाठवून दिला. भावोजी सोमवारी सकाळी चहाबरोबर आदल्या दिवसाचा सामना लावून बसायचे. पहिल्या दोन आठवड्यांत त्यांना खेळ कळला, जो मला आजतागायत कळलेला नाही. टेकडीवर फिरायला जाणाऱ्या त्यांच्या निवृत्त मित्रमंडळाला त्यांनी तो असा समजावला: "चार आवर्तनांत दहा यार्ड पुढे सरकायचं. नाही सरकलं तर पाणी दुसऱ्या गावाला." मंडळातल्या सर्वांना एका दमात समजलं. पुढच्या सोमवारी त्यांतले तिघे चहाला हजर. ताई म्हणाली, "कप धुवायला तिकडून कुणी येणार आहे का?"

हेड कोच बोलताना हातातला मोठा कागद तोंडासमोर धरायचा, समोरच्यांनी ओठ वाचू नयेत म्हणून. भावोजींना हे फार आवडलं. "साहेब माणूस. आमचे चीफ इंजिनिअर मीटिंगमध्ये फाईल अशीच तोंडासमोर धरायचे. फरक एवढाच, की ते मागे झोपलेले असायचे." ताईचं लक्ष त्याच्या टोपीवर. दर आठवड्याला तीच, कडेने घामाचे डाग पडलेली. "एवढा पगार घेतो, बायको काही बोलत नाही का?"

टीमने पहिले तीन सामने जिंकले. भावोजी एका रविवारी आपणहून हॉलवाल्यांचे दर विचारून आले. मग टीम हरायला लागली.

हरायला लागली म्हणजे ओळीने. आमचा क्लायंट जिंकल्यावर म्हणायचा, देवमाणूस आहे, आणि हरल्यावर म्हणायचा, हाकला त्याला. मी दोन्ही मतं प्रामाणिकपणे कोथरूडला पोचवली. भावोजी म्हणाले, "तुझा तो माणूस स्थिर नाही. त्याच्याशी धंदा करत जाऊ नका." लक्ष्मीपूजनाच्या आठवड्यात टीम घरच्या मैदानावर हरली आणि ताईने चिवड्यात मीठ दोनदा घातलं. आम्ही तो निमूट खाल्ला. त्या घरात तेव्हा कुणी कुणाला काही म्हणायच्या स्थितीत नव्हतं. भाची ऑफिसातून यायची ती सरळ आपल्या खोलीत जायची.

एकदा मात्र भावोजींना राहवलं नाही. मुलाचा फोन आलेला, तो भाचीच्या हातातून घेऊन त्यांनी विचारलं, "तुम्ही पहिल्या प्रयत्नाला दर वेळी डावीकडूनच का जाता? आता त्या समोरच्यांना पण पाठ झालंय."

मग मुलगा म्हणाला, "काका, हेच मी सरांना महिनाभर सांगतोय."

"मग?"

"ते म्हणतात, डावीकडूनच चषक जिंकला होता."

भावोजींनी फोन परत दिला. त्या रात्रीपासून ते मुलाला 'तो मुलगा' न म्हणता 'आपला मुलगा' म्हणू लागले. "आपला मुलगा सांगतोय, पण ऐकतो कोण." भाचीने हे ऐकलं आणि तिला वाटलं की झालं. झालं नव्हतं. मत आणि होकार या भावोजींच्या दोन वेगळ्या फायली आहेत.

जानेवारीत सीझनचा शेवटचा सामना हरल्यावर दुसऱ्याच दिवशी हेड कोचला काढलं. मला ते संध्याकाळच्या कॉलवर कळलं. क्लायंट रडवेला झाला होता. ज्याला तीन महिने हाकला म्हणत होता, तो गेल्यावर म्हणाला, चांगला माणूस होता हो.

आता हे घरी कोणी सांगायचं? चौकशी माझी, तेव्हा मीच. दुसऱ्या दिवशी शब्दांची जुळवाजुळव करत मी कोथरूडला पोचलो, तर बाहेर चपलांचा ढीग. आत टेकडीवरचं मंडळ भिंतीकडेने बसलेलं. ताईने कोरा चहा केला होता. मला वाटलं, खरंच कुणीतरी गेलं.

"कळलं ना?" भावोजींनी विचारलं.

"कळलं."

"खेळ थांबवून घ्यायचे दोन टाइम-आऊट शेवटपर्यंत हातात होते हो," एक निवृत्त बँक मॅनेजर मान हलवत म्हणाले. "वापरलेच नाहीत. काय न्यायचे होते बरोबर?"

"चषक जिंकून दिलेला माणूस," दुसरे म्हणाले. "आमच्याकडे असता तर नुसत्या चषकाच्या फोटोवर रिटायर झाला असता."

भाची बाल्कनीतून आत आली. मुलाशी बोलत असावी, डोळे लाल होते. तिने सगळ्यांसमोरच विचारलं, "बाबा, नकार असेल तर आत्ताच सांगा. मला रोज थोडं थोडं नको."

सगळे भावोजींकडे बघायला लागले. भावोजी चष्मा पुसत म्हणाले, "चौकशी पुरी झालेली नाही. साहेबाशी बोलणं राहिलंय."

"अहो, पण साहेब आता साहेब राहिलेत कुठे?" ताई म्हणाली.

"खुर्चीतला साहेब कधी खरं बोलतो का? आता बोलेल."

मुलाने कसं विचारलं असेल ते तोच जाणे. पण त्या हेड कोचने हो म्हटलं. म्हणाला म्हणे, या आठवड्यात मला दुसरं काही कामही नाही.

शनिवारी सकाळी माझा लॅपटॉप ताईच्या डायनिंग टेबलावर. भावोजी इस्त्रीच्या शर्टात. इंग्रजी त्यांचं उत्तम, पण ते खात्याचं, कागदावरचं. तिकडचे उच्चार त्यांना लागत नाहीत, म्हणून दुभाषा मी. पडद्यावर हेड कोच दिसला. मागे सामानाची खोकी, आणि डोक्यावर टोपी नाही.

"अगं बाई," ताई हळूच म्हणाली, "एकही केस नाही. मग बरोबर आहे."

"काय म्हणतात त्या?" हेड कोचने विचारलं.

"नमस्कार म्हणतात," मी सांगितलं.

भावोजींनी सुरुवात केली. "महोदय, आपणांस काढण्यात आलं याचं आम्हाला वाईट वाटतं. आता आमच्या मुलाचं काय?"

हेड कोच म्हणाला, "सर, आज माझ्याकडे नोकरी नाही, त्यामुळे वचन देणं सोपं आहे आणि मी ते देणार नाही. पण हिवाळ्याच्या आधी या मुलाने मला सांगितलं होतं की तुम्ही हराल, आणि का हराल. मी ऐकलं नाही. तो सांगत होता तसाच हरलो. कुठे काम मिळालं तर पहिला फोन मी त्यालाच करणार."

मी हे मराठीत सांगितलं. भावोजींनी पडद्यावरची नजर माझ्याकडे वळवली. मला वाटलं माझं भाषांतर चुकलं.

"त्याला परत विचार," ते म्हणाले. "मुलगा तोंडावर म्हणाला का, की साहेब तुमचं चुकतंय?"

विचारलं. "सगळ्यांसमोर," हेड कोच म्हणाला. "दोनदा."

"आणि यांनी त्याला काढलं नाही? कुठे लांब पाठवलं नाही?"

हेड कोचला प्रश्नच कळेना. मी परत सांगितला. तो म्हणाला, "पाठवायचं कशाला? त्याचाच तर त्याला पगार होता."

ताईने माझ्याकडे पाहिलं, मी ताईकडे. भावोजींनी तरुणपणी एकदा वरच्या साहेबाला सांगितलं होतं, की कालव्याचा उतार चुकतोय. उतार चुकलेलाच होता. साहेबांना बढती मिळाली आणि भावोजींना गडचिरोली. भाची तेव्हा तान्ही होती. हे भावोजींनी स्वतः कधीही कुणाला सांगितलेलं नाही, आम्हाला ताईकडून माहीत.

भावोजी म्हणाले, "त्यांना सांग, आमचे प्रश्न संपले."

"माझे नाही संपले," पलीकडून एका बाईंचा आवाज आला. हेड कोचच्या पत्नी एक खोकं बाजूला सारून खुर्ची ओढून बसल्या. "मुलगी कुठे आहे?"

मग जी चौकशी झाली तिच्यापुढे आमची चौकशी म्हणजे बालवाडी. तुझं काम काय? ते कुठल्याही गावातून करता येतं का? दर दोन-तीन वर्षांनी घर हलवावं लागेल, चालेल? सीझनमध्ये तो फक्त झोपायला घरी येईल, तोही चिडलेला. मैत्रिणी आहेत? एकटं जेवता येतं? भाची एकेकाचं उत्तर देत होती, दुभाष्याशिवाय. बाई म्हणाल्या, "मी शिक्षिका होते. प्रत्येक गावात नव्याने नोकरी शोधली. तुझी नोकरी बॅगेत मावते, तू नशीबवान. आणि लग्नाची तारीख नीट निवड. आमची सीझनमध्ये येते. आजवर एकदाही त्याला ती आठवलेली नाही."

"आठवते," हेड कोच म्हणाला.

"सांग."

तो कागद शोधायला लागला, तोंडासमोर धरायला असावा.

ताईने मला कोपराने ढोसलं. "विचार की, ती टोपी कधी धुतात का."

मी विचारलं, घरात शिस्त कशी असते. बाई म्हणाल्या, तसली काही नसते. ताईचं समाधान झालं.

शेवटी भावोजींनी एक बारीकसा प्रश्न काढलाच. "आत्ता मुलाला पगार?"

"करार संपेपर्यंत चालू," हेड कोच म्हणाला. "आम्हा सगळ्यांनाच."

"काम नाही आणि पगार चालू?" भावोजी माझ्याकडे वळले. "अरे, ही तर सरकारी नोकरी झाली. आधी नाही सांगायचं?"

पण हेड कोच पुढे बोलत होता, आणि जे बोलला त्याने घर हललं. दोन-तीन ठिकाणी त्याचं बोलणं चालू होतं. पंधरा-वीस दिवसांत काही ठरलं, तर मुलाला दुसऱ्या सकाळी हजर व्हावं लागणार. मग उन्हाळ्यापर्यंत रजा नाही, आणि उन्हाळ्यातलीही खात्रीची नाही.

कॉल संपला. भावोजी उठले, कॅलेंडरपाशी गेले, चष्मा वर केला. "या पंधरा दिवसांत उरकायला हवं."

"अहो, पौष चालू आहे," ताई म्हणाली. "पौषात कुणी लग्न करतं का?"

"गुरुजींकडे काढीव मुहूर्त असतात."

"आणि एवढी घाई का केली म्हणून लोक विचारतील, त्यांना काय सांगू?"

"सांग, मुलाला नोकरी लागण्याचा धोका आहे."

भाची हसायला लागली, आणि मग हसता हसता थांबेचना, तेव्हा ताईने तिला जवळ घेतलं. होकार म्हणून वेगळा असा कुणी दिलाच नाही.

नागपूरला फोन केला. मुलाचे वडील म्हणाले, "आमचं काही म्हणणं नाही जी. तो घरी येतो आहे हेच खूप." मुलाचं तिकीट निघालं. राहिला हॉल. पौषात हॉल रिकामे असतील अशी माझी समजूत होती; भावोजी म्हणाले, हॉलवाले पौषात रंगकाम काढतात. शेवटी एक सापडला. एका बाजूच्या भिंतीला रंग लागलेला, दुसरीला नाही, आणि बुधवारची सकाळ मोकळी.

हॉलचे मॅनेजर एका पाटीखाली बसले होते. पाटीवर 'अनावश्यक चौकशी करू नये' असं लिहिलेलं. त्यांनी तारीख ऐकली, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं, मग आमच्याकडे.

"पौषात? बुधवारी? एवढी कसली घाई?"

"मुलगा सध्या मोकळा आहे," भावोजी म्हणाले.

"मोकळा म्हणजे? करतो काय?"

"काही नाही. मागच्याच आठवड्यात नोकरी गेली." भावोजींच्या आवाजात असं समाधान मी थोरलीच्या लग्नातही ऐकलं नव्हतं, आणि तिचा नवरा रिझर्व्ह बँकेत आहे. "दुसरी लागायच्या आत उरकायचंय."

मॅनेजरनी पेन खाली ठेवलं. "आपण मुलीचे कोण?"

"वडील."

मग ते माझ्याकडे वळले. या कुटुंबात एखादा तरी शुद्धीवर असेल, अशी आशा त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होती.

"आपण तरी नीट चौकशी केलीत का हो?"

"मीच केली," मी म्हटलं.